‘माझी मैना गावावर राहिली’ : स्थलांतरित श्रमिक, प्रादेशिक अस्मिता आणि नागपूरमधून एक वाचन

बीजसंज्ञा : शाहिरी वाङ्मय, छक्कड, अंतर्गत स्थलांतर, भूमिपुत्र, संयुक्त महाराष्ट्र, विदर्भ

प्रस्तावना

लोकशाहीर अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड मराठी शाहिरी वाङ्मयातील एक अत्यंत लोकप्रिय रचना होय. अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या लालबावटा कलापथकाच्या परंपरेतून ती आली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगावी पोहोचली. मुंबईला पोटासाठी गेलेला एक कामगार गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ होतो आणि शेवटी आपल्या विरहाची सांगड खंडित महाराष्ट्राच्या वेदनेशी घालतो, हा तिचा आशय सर्वपरिचित आहे. व्यक्तिगत दुःखाचे सामाजिक दुःखात झालेले उन्नयन म्हणून या शेवटाचा गौरव केला जातो. वर्गात आपणही तसेच शिकवतो.

असेच शिकवत असताना प्रस्तुत लेखिकेला एका विद्यार्थिनीने अडवले. तिचे आईवडील राजनांदगावकडून नागपुरात बांधकामावर मजुरीसाठी आलेले. ती म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी तर आई बी संगंच आली होती. मग गावावर कोन राहिलं?” वर्गात थोडा हशा झाला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. एम.फिल.च्या लघुप्रबंधासाठी शाहिरी वाङ्मय वाचताना ही छक्कड प्रस्तुत लेखिकेने अनेकदा वाचली होती; परंतु मैना गावावरच का राहिली, ही गोष्ट कधी प्रश्न म्हणून समोर आली नव्हती. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या आधारे या रचनेची चिकित्सा करावयाची आहे. राज्याच्या सीमा, श्रमिकाचे स्थलांतर आणि देशाची आर्थिक वाढ या तीन गोष्टी या छोट्याशा रचनेत एकत्र आल्या आहेत. त्यांतील पहिलीचे पारडे कसे जड झाले आणि त्याची किंमत पुढे कोणाला मोजावी लागली, हे पाहणे हा येथील हेतू आहे.

छक्कडीची बांधणी

रचनेचा पूर्वार्ध लावणीच्या वळणाचा आहे. पत्नीचे रूपवर्णन येते, तिच्या चालीबोलीचे कौतुक येते. हा साचा शृंगारिक लावणीचा असला तरी अण्णा भाऊंनी त्यात एक मोठा बदल केला आहे. पारंपरिक लावणीतील विरहाला सहसा कारण लागत नाही. प्रियकर परगावी असतो, एवढे पुरते. येथे कारण सांगितले जाते, आणि ते गरिबी हे आहे. भल्या पहाटे निघायची तयारी, सोबत बांधून दिलेली भाकरी, गावाच्या शिवेपर्यंत पोचवायला आलेली पत्नी, तिची समजूत काढण्यासाठी दिलेली दागिन्यांची वचने आणि मुंबईत पोचल्यावर दिसलेली बेकारांची गर्दी असा हा क्रम आहे. मराठी कवितेत स्थलांतराची प्रक्रिया इतक्या नेमकेपणाने क्वचितच आली असेल.

दागिन्यांच्या वचनाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. रसिक त्यात प्रेमाची अतिशयोक्ती पाहतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ते मजुरीतील फरकाचे गणित आहे. गावात न मिळणारे काम शहरात मिळेल, त्यातून शिल्लक उरेल आणि ती गावी जाईल, या आशेवरच एकट्या पुरुषाचे स्थलांतर उभे असते. योगायोगाने याच दशकात, १९५४ साली, आर्थर लुईस यांनी आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. शेतीतील अतिरिक्त श्रमिक उद्योगाकडे वळले की वेतन फारसे न वाढता भांडवलाचा संचय होतो आणि त्यातून राष्ट्रीय उत्पन्न वाढते, असा त्याचा सारांश आहे. छक्कडीतील बेकारांची गर्दी म्हणजे लुईस यांचा तो ‘अमर्याद पुरवठा’ होय. फरक एवढाच की लुईस यांच्या मांडणीत मैना नाही. श्रमिक शहरात स्वस्त पडतो, कारण त्याच्या मुलाबाळांचा, म्हाताऱ्यांचा आणि आजारपणाचा भार गावावर राहिलेली स्त्री वाहते. हा हिशेब शाहिराने मांडला नसला तरी तिला रचनेच्या केंद्रस्थानी ठेवून त्याची जागा तरी दाखविली.

आता उत्तरार्ध पाहू. चळवळ उभी राहते, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात आणि नायकाची ताटातूट महाराष्ट्राच्या ताटातुटीची उपमा बनते. उपमा प्रभावी आहे, यात शंका नाही. श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या घरी एक मैना गावावर होती. त्यामुळे नकाशावरील रेषा त्यांना स्वतःच्या शरीरावर जाणवली. परंतु उपमेय आणि उपमान येथे एकाच जातीचे नाहीत. राज्याची सीमा संसदेच्या कायद्याने हलते. मजुराच्या घराची ताटातूट तशी मिटत नाही. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. मैना मात्र गावावरच राहिली, कारण तिच्या नवऱ्याच्या खोलीचे भाडे, पगार आणि पाळीचे तास यांत राज्यस्थापनेने काही बदलले नव्हते. ज्या व्यथेचे कारण पूर्वार्धात गरिबी असे सांगितले, तिचे निवारण उत्तरार्धात सीमा बदलण्यात शोधले गेले. या सांध्यापाशी रचना भावनेच्या बळावर पुढे जाते. विचाराचा धागा तेथे सैल पडतो, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

हे म्हणताना अण्णा भाऊंवर अन्याय होऊ नये. ते कम्युनिस्ट चळवळीत वाढले, गिरणीत राबले. मुंबईतील श्रीमंती आणि दारिद्र्य यांची विषमता त्यांनी ‘मुंबईची लावणी’त स्पष्टपणे मांडली आहे. संयुक्त महाराष्ट्राचा लढा त्यांच्या लेखी भांडवलदारांच्या मुंबईविरुद्ध कष्टकऱ्यांचा लढा होता. आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. अण्णा भाऊ स्वतः वाटेगावहून मुंबईला आले ते बालपणी, कुटुंबासह, बरेचसे पायी चालत. म्हणजे त्यांच्या घरातील स्त्री गावावर राहिली नव्हती. तरीही त्यांनी छक्कडीसाठी एकट्या पुरुषाची कथा निवडली. लावणीच्या साच्याला विरह लागतो आणि चळवळीला एकच सुटसुटीत प्रतिमा लागते, हे त्याचे कारण असावे. आपल्या अनुभवापेक्षा वाङ्मयप्रकाराची गरज त्यांनी वरचढ मानली.

‘मी’चा ‘भूमिपुत्र’ होतो तेव्हा

या छक्कडीतील ‘मी’ मुंबईत उपरा आहे. गर्दीत त्याला कोणी विचारत नाही. गिरणगावातील कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांची पहिली पिढी अशीच होती. राज्यस्थापनेनंतर काही वर्षांतच या उपऱ्याचे रूपांतर यजमानात झाले. ऑगस्ट १९६० मध्ये ‘मार्मिक’ साप्ताहिक सुरू झाले. कार्यालयांतील अमराठी नावांच्या याद्या त्यातून प्रसिद्ध होऊ लागल्या आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. प्रारंभीचा रोख दाक्षिणात्य कारकुनांवर होता. पुढे तो उत्तर भारतीय श्रमिकांकडे वळला. मायरन वीनर यांनी १९७८ मध्ये ‘सन्स ऑफ द सॉइल’ या ग्रंथात भारतातील अशा आंदोलनांचा अभ्यास करताना दाखविले की, ती केवळ परक्यांच्या संख्येमुळे उद्भवत नाहीत. स्थानिकांतून नव्याने शिकलेला मध्यमवर्ग जेव्हा त्याच नोकऱ्यांसाठी उभा राहतो, तेव्हा त्यांना धार येते. मुंबईला हे निरीक्षण तंतोतंत लागू पडते.

मराठी तरुणाची तक्रार निराधार होती, असे मात्र म्हणता येणार नाही. राज्य आपले, राजधानी आपली, पण नोकरीच्या दारावर आपली ओळख चालत नाही, हा अनुभव खरा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचे जगणे विस्कटले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातील गिरणी कामगाराच्या घरातली मुले या वास्तवाची साक्ष आहेत. त्यांच्यात लेखक होऊ पाहणारा आहे आणि टोळीत शिरलेलाही आहे. नोकरी मात्र कोणाच्याही पायाखाली भक्कम नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांची रोजी कोणा परप्रांतीय मजुराने हिरावलेली नाही. गिरणीच बंद पडली आहे. तिच्या जमिनीला आता कापडापेक्षा अधिक भाव आहे. ‘माझी मैना’मध्ये कष्टकऱ्याच्या दुःखाला निदान एक नकाशा होता, ‘अधांतर’मधील पिढीपाशी तोही नाही. प्रस्तुत लेखिकेला हे नाटक त्या छक्कडीचे न लिहिलेले पुढचे कडवे वाटते.

२००८ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या आंदोलनानंतर नाशिक, पुणे येथून उत्तर भारतीय श्रमिक मोठ्या संख्येने परत गेले. तेव्हा सर्वप्रथम कारखानदारांनीच मनुष्यबळाच्या टंचाईची ओरड केली. त्याच वर्षीच्या शासननिर्णयाने उद्योगांतील ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याच्या जुन्या धोरणाचा पुनरुच्चार केला. त्यात ‘स्थानिक’ म्हणजे राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती. भाषेचा उल्लेख सभेत, वास्तव्याचा कागदावर! हरियाणाने खासगी क्षेत्रात ७५ टक्के स्थानिक आरक्षणाचा कायदा केला, तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. घटनेच्या अनुच्छेद १९ ने देशात कोठेही राहण्याचे आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिलेले असल्याने याहून वेगळे काही होणे अवघडच होते.

नागपूरमधून वाचताना

या छक्कडीचा नकाशा पश्चिम महाराष्ट्राचा आहे. तिच्यातील वाट मुंबईकडे जाते आणि तिची हळहळ बेळगाव-कारवारसाठी आहे. नागपूरची गोष्ट वेगळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हे शहर मध्यप्रदेशाची राजधानी होते आणि रायपूर, बिलासपूर, दुर्ग, बालाघाट, छिंदवाडा हे जिल्हे याच प्रांतात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरहून राजनांदगावपर्यंत लोहमार्ग पडला. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. धान पिकवणाऱ्या छत्तीसगढातला शेतमजूर सुगी संपली की याच मार्गाने नागपूरला येऊ लागला. रायपूरचे हबीब तन्वीर उच्च शिक्षणासाठी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले, त्याचे आज कोणाला आश्चर्य वाटेल. तेव्हा ते आपल्याच प्रांताच्या राजधानीत आले होते. याच तन्वीरांनी पुढे छत्तीसगढी नाचा कलावंतांना घेऊन ‘चरणदास चोर’ (१९७५) रंगमंचावर आणले.

म्हणजेच नागपुरातला छत्तीसगढी मजूर १९५६ पर्यंत परप्रांतीय नव्हता. तो एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेला नाही. सीमाच त्याच्यावरून गेली. रात्री जो प्रांतवासी म्हणून झोपला, तो सकाळी शेजारच्या राज्याचा झाला. अण्णा भाऊंच्या उपमेत सीमेने माणसे तोडली जातात, हे दुःख आहे आणि ते बेळगावच्या मराठी माणसाचे आहे. तेच दुःख उलट्या दिशेने नागपूरच्या वस्त्यांतही आहे, परंतु त्यावर छक्कड झाली नाही.

विदर्भाच्या राजकारणाची तऱ्हाही निराळी. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती. त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने शासकीय नोकऱ्यांत आणि तांत्रिक शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे आश्वासन दिले. लोकनायक बापूजी अणे १९६२ मध्ये नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले ते वेगळ्या विदर्भाचा आग्रह धरून. या साऱ्या मागणीत भूमिपुत्राचा तर्क आहेच. मात्र तो मराठीभाषकाने मराठीभाषकाविरुद्ध वापरलेला आहे. नोकऱ्या पुण्या-मुंबईकडे जातात, ही येथील तक्रार. १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. या चर्चांत रस्ते, सिंचन, पंप, शाळा या साऱ्यांचा अनुशेष मोजला गेला. माणसांच्या जाण्यायेण्याचा हिशेब त्यात गौण राहिला. आमचे पदवीधर विद्यार्थी पुणे, हैदराबाद, बेंगळुरूची वाट धरतात. गडचिरोली-चंद्रपूरकडचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. आणि त्याच वेळी नागपुरातील इमारती छत्तीसगढ, बालाघाट, बिहारमधून आलेले हात बांधतात. जाणारा आणि येणारा यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. वेगळ्या विदर्भाच्या सभेत एकाविषयी हळहळ ऐकू येते, दुसऱ्याविषयी काहीच नाही. त्याचा द्वेष केला जात नाही, ही नागपूरची जमेची बाजू म्हणावी काय? प्रस्तुत लेखिकेला ती पूर्णतः तशी वाटत नाही. ज्याचा द्वेष होतो, तो निदान मोजला तरी जातो.

संगं आलेली मैना

नंदनवन परिसरातून सकाळी महाविद्यालयाकडे येताना मजुरांचा ठिय्या लागतो. मिस्त्री, मजूर आणि रेजा. ‘रेजा’ हा शब्द बांधकामावरील स्त्रीमजुरासाठी इकडे सर्रास रूढ आहे. मुंबई-पुण्याच्या मराठीत तो फारसा ऐकू येत नाही. ही रेजा म्हणजेच गावावर न राहिलेली मैना. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. छत्तीसगढातून होणारे स्थलांतर पुष्कळदा जोडप्याचे, कुटुंबाचे असते. मराठवाड्यातील ऊसतोडीत तर नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मानला जातो. हिशेबाचे एककच जोडपे असते. तेव्हा एकट्या पुरुषाचे स्थलांतर हा एक प्रकार झाला, त्याला नियम मानणे चूक ठरते.

शासकीय आकडेवारीतही हीच अडचण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक अंतर्गत स्थलांतरित आहेत. त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असून त्यांच्या स्थलांतराचे कारण प्रामुख्याने ‘विवाह’ असे नोंदलेले असते; इतर पुष्कळजणी ‘कुटुंबासोबत’ या रकान्यात जातात. नवऱ्यासोबत येऊन दुसऱ्याच दिवशी डोक्यावर घमेले घेणारी स्त्री अशा नोंदीत कामगार म्हणून स्थलांतरित ठरत नाही. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने रेल्वेच्या प्रवासी वाहतुकीवरून अनुमान काढले की, २०११ ते २०१६ या काळात राज्याराज्यांतील श्रमिकांचे स्थलांतर वर्षाला सरासरी ९० लाखांच्या आसपास होते. जनगणनेवरून निघणाऱ्या अंदाजापेक्षा हा आकडा बराच मोठा होता. स्थलांतर हे आर्थिक वाढीचे लक्षण आणि साधनही आहे, असे त्या पाहणीचे प्रतिपादन आहे. ते मान्य करण्यास हरकत नाही. प्रश्न एवढाच उरतो की, वाढीचे श्रेय राज्याच्या उत्पन्नात धरले जाते, तेव्हा ती घडवणाऱ्याचे रेशनकार्ड, मतदारयादीतील नाव आणि मुलांची शाळा दुसऱ्या राज्यात असते. त्यामुळे तो येथील कोणत्याही पक्षाचा मतदार नसतो आणि तेथील पक्षाच्या डोळ्यांसमोर नसतो. प्रादेशिक राजकारणाला तो लक्ष्य म्हणून सोयीचा पडतो, याचे मर्म येथे आहे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने हे झाकलेले सारे उघडे केले. हैदराबादकडून मध्यप्रदेश, उत्तरप्रदेशाकडे चालत निघालेल्यांचा लोंढा नागपूरवरूनच गेला; वर्धा मार्गावरील पांजरी टोलनाक्यावर स्वयंसेवकांनी त्यांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था केली. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ पासून कायदा होता, ठेकेदाराने त्यांची नोंद ठेवावी असे त्यात म्हटले होते. प्रत्यक्षात किती जण कोठे आहेत, हे कोणाला सांगता येईना. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्यप्रदेशातील आपल्या गावांकडे निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. छक्कडीतही पहाट आहे आणि बांधून दिलेली भाकरी आहे. मात्र तेथे माणूस गावाकडून शहराकडे निघाला होता.

त्या विद्यार्थिनीने पुढे चाचणी परीक्षेत याच छक्कडीवर उत्तर लिहिले. प्रश्न नेहमीचाच होता : ‘संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या संदर्भात या रचनेचे रसग्रहण करा.’ मैनेच्या रूपवर्णनाऐवजी तिने आपल्या आईचे वर्णन केले होते. डोक्यावरची चुंबळ, सिमेंटने तडकलेले हात, चौथ्या मजल्यापर्यंत वाहिलेल्या विटा आणि बांधून झालेल्या इमारतीच्या फाटकावर पहारेकऱ्याने विचारलेले ‘कुठं जायचं?’ बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांचा उल्लेख संपूर्ण उत्तरात कोठेही नव्हता. तिला दहापैकी पाच गुण दिले, कारण प्रश्नात विचारलेला संदर्भ आला नव्हता. उत्तरपत्रिका परत देताना तिने गुणांविषयी काही विचारले नाही.